वर्ज्य शब्द

"साहेब, भायेर व्हा. आदी भायेर व्हा!"

असं म्हणत पासष्टीच्या एका काटकुळ्या म्हाताऱ्यानं माझा दंड धरला आणि मला सरळ स्टेजवरून खाली उतरवलं. मी नगरपालिकेचा कनिष्ठ अभियंता. काखेत नाट्यगृहाच्या नूतनीकरणाची फाईल, खिशात मुख्याधिकाऱ्यांच्या सहीचं पत्र, आणि पहिल्याच दिवशी ही बोहनी. मी असं काय पाप केलं होतं? मान वर करून रंगवलेल्या जुन्या पडद्यांकडे पाहत एवढंच म्हणालो होतो की, यातला एखादा आज ना उद्या पडणार.

म्हाताऱ्यानं मला विंगेतून, मागच्या दारातून बाहेर नेलं. तिथं भिंतीला लागून एक नळ होता.

"चूळ भरा."

"काय?"

"चूळ भरा, साहेब. मग सांगतो."

मी का भरली कोण जाणे, पण भरली. त्या माणसाच्या आवाजात दरारा नव्हता, काळजी होती. लहान मुलानं काहीतरी उष्टंखरकटं तोंडात घातल्यावर आई करते तसली.

यशवंता गुरव त्यांचं नाव. गावात सगळे त्यांना येसबामामा म्हणत. संस्थानच्या राजांनी राणीसाहेबांच्या नावानं बांधलेल्या आमच्या भागीरथी नाट्यगृहात शेहेचाळीस वर्षं पडदे ओढणारा माणूस. त्यांचे हात बघितले की दुसरा पुरावा लागत नव्हता. तळव्यांना दोरांनी कायमचे चर पाडले होते.

"आता सांगा," मी तोंड पुसत म्हणालो.

"तुमी मघाशी जो शबुद काढला, त्यो आत न्हाई काढायचा. नाटक चाललं न्हाई तर लोक काय म्हंत्यात?"

"पडलं म्हणतात."

"हां. तर त्यो शबुद. राजांच्या येळंपास्नं ह्या छपराखाली कुनी काढल्याला न्हाई. ना नटानं, ना मालकानं, ना झाडूवाल्यानं."

"मग पडदा...?"

"पडदा येतो. 'पडदा आला' म्हनायचं."

"आणि पाऊस?"

"लागतो."

"भाव?"

"उतरत्यात."

"पण मामा, 'पडदा' या शब्दातच..."

"त्याचं नाव हाय ते. नावाला इलाज न्हाई," मामा म्हणाले आणि पहिल्यांदाच हसले. मग हसू आवरून म्हणाले, "थट्टा न्हवं साहेब. भूपात मध्यम लावत्यात का? न्हाई न्हवं? तसं धरा. आनि एक ध्येनात ठेवा. वरनं काय बी खाली याय लागलं, पडदा, दांडा, मानूस, काय बी, तर माळ्यावरला गडी 'आला!' म्हनून वरडतो. त्यो आवाज ऐकला की वर बघत बसायचं न्हाई. इकडं तिकडं बी बघायचं न्हाई. हाय तितनं मागं सरायचं. समजलं?"

"समजलं," मी म्हणालो.

समजलं होतं. पुढं जे सांगायचं आहे त्यात हे एवढं ध्यानात राहू द्या. मला ते पहिल्याच दिवशी, नळाशी उभं राहून, नीट समजलं होतं. आज या गोष्टीला अठरा वर्षं झाली.

नाट्यगृहाचं काम म्हणजे सगळ्या गावाचा जिव्हाळ्याचा विषय, त्यामुळे सगळ्या गावाच्या जिभेला हाड नव्हतं. कुणाला वातानुकूलन हवं होतं, कुणाला मागं रेलणाऱ्या खुर्च्या, कुणाला जुनी लाकडी बाकंच हवी होती. पुण्या-मुंबईच्या नाटक कंपन्या यायच्या बंद झाल्या होत्या, कारण त्यांचे दिवे टांगायला वर जागा नव्हती आणि मेकअपच्या खोलीत वाघळं होती. नव्या आराखड्यात वरचा सगळा माळा बदलायचा होता. लाकडी कप्प्या, काथ्याचे दोर, पडद्यांचा तोल सांभाळणारी वाळूची पोती सगळं काढून लोखंडी नळ्या आणि विजेच्या मोटारी बसवायच्या. बटण दाबलं की पडदा वर, बटण दाबलं की... मामांच्या भाषेत, आला.

मामांना हे ऐकून दुःख झालं असेल असं मला वाटलं होतं. तसं काही नव्हतं. "हुंद्या की," ते म्हणाले, "माझं खांदं गेलं. पर जुनं उतरवायचं ते माझ्या हातानं. ज्यानं बांधलं त्यानंच सोडायचं."

अकरा रंगीत पडदे होते. राजवाडा, रस्ता, बाग, देऊळ, तुरुंग असे. एकेक पडदा सव्वीस फूट रुंद, वर-खाली सागवानी दांडा, नुसता दांडाच दोघांना उचलेना. एक पडदा उतरवायला मामांना एक अख्खा दिवस लागायचा. आधी पोत्यातली वाळू हळूहळू सोडायची, मग लांबच्या दोराची गाठ, मग मधल्या, मग जवळच्या. तेवढा वेळ स्टेजवर चिटपाखरू नको. पूर्वीचे दोघे जोडीदार होते, त्यातला एक वारला होता आणि दुसरा मुलाकडे गुजरातेत गेला होता. हाताखाली कंत्राटदाराचे दोन बिहारी मजूर. मामा त्यांच्याशी खुणांनी बोलत.

पाचव्या महिन्यात पुण्याहून रेवती आगाशे आली. ध्वनी-सल्लागार. तिशीच्या आतली, बारीक केस कापलेली, पाठीला तिच्याहून जड पिशवी. पहिल्या दिवशी ती रिकाम्या स्टेजच्या मधोमध उभी राहिली, एकच टाळी वाजवली आणि डोळे मिटून ऐकत राहिली. मग शेवटच्या रांगेत जाऊन बसली आणि मला म्हणाली, "सर, स्टेजवर जाऊन काहीतरी बोला. हळू. स्वतःशी बोलल्यासारखं."

मी गेलो आणि पुटपुटलो, "काय बोलू, मला काही सुचत नाही."

"सुचलं की, सर!" ती तिकडून ओरडली. "प्रत्येक अक्षर आलं. हे छत कुणी बांधलं हो? या छताला हात लावलात तर मी तुमच्यावर केस करीन."

कंत्राटदार ते लाकडी छत उचकटून जिप्समचं करणार होता. तिच्यामुळे ते वाचलं. त्यासाठी ती मुख्याधिकाऱ्यांशी तासभर भांडली आणि वर त्यांच्याकडूनच चहा पिऊन आली. मामांचा तिच्यावर जीव जडला. ती माळ्याच्या शिडीखाली उभी राहून "मामा, तुमच्या काळात गाणारे माइकशिवाय कुठं उभे राहायचे?" असं विचारायची आणि मामा वरून बोटानं जागा दाखवायचे. ती तिथं खडूनं फुली मारायची. स्टेजच्या पुढच्या अंगाला सात फुल्या झाल्या होत्या.

एक दिवस मामांनी मला बाजूला घेतलं. "साहेब, बाईस्नी त्यो शबुद सांगितला न्हाई अजून कुनी. त्या टेजवर सारख्या हायत्या. 'आला' म्हंजे काय, त्यास्नी कळाय पायजे."

"मग सांगा की तुम्ही."

"मी कसा सांगू? सांगायचं म्हंजे त्यो शबुद काढावा लागतोय. तुमी शिकल्यालं हायसा. भायेर नळावर न्या नि सांगा."

"सांगतो."

"इसरू नगासा."

"नाही हो. सांगतो म्हटलं ना."

माझ्यामागं तेव्हा व्यापच तेवढे होते, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला समजावलं. मंत्र्यांनी उद्घाटनाला रविवारची तारीख दिली होती. पत्रिका छापून वाटल्या होत्या. मुख्याधिकारी दिवसातून तीनदा फोन करायचे आणि एकच वाक्य म्हणायचे, "मांगले, तारीख हलली तर तुम्ही हललात." कनिष्ठ अभियंत्याची खुर्ची हलायला कितीसा वारा लागतो? घरी दोन मुलं, बायको तिसऱ्यांदा बाळंत व्हायची. हे सगळं खरं होतं. पण नळ स्टेजपासून वीस पावलांवर होता, हेही खरं.

आणि तो टेम्पो. नवे स्पीकर घेऊन पुण्याहून निघालेला टेम्पो सोमवारी यायचा, तो मंगळवारीही आला नाही, बुधवारी कऱ्हाडच्या अलीकडे त्याचा आस मोडल्याचा निरोप आला. ड्रायव्हरकडे मोबाइल नव्हता. स्पीकर आल्याशिवाय रेवतीचं पुढचं काम अडलं होतं. रस्त्यावर कुठंही हॉर्न वाजला की सगळे मागच्या दाराकडे पळायचे. माल उतरवायचा दरवाजा स्टेजच्या अगदी पाठीमागं होता. कुणीतरी ओरडायचं, "आला का?" आणि तो नसायचा.

बुधवारी संध्याकाळी शेवटचा एक पडदा उरला होता. जंगलाचा.

"उद्या सकाळी उतरवून टाका," मी मामांना म्हणालो. "दुपारी मोटारीवाले येतायत."

"उद्याचा अख्खा दीस लागंल."

"दिवस नाही मामा. दोन तास. गाठी सोडत बसू नका, कटर घ्या आणि दोर कापा."

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी परत तो शब्द काढला होता. "साहेब, दोर कापायचा नसतो. एका अंगाचा कापला की सगळं वजन दुसऱ्या अंगावर येतं. दोर माझ्या वयाचा हाय."

"तुम्ही वाळू आधी काढा ना."

"पोतं वल्लं हाय. वाळू दगडावानी झालीय. खरवडून काढाय येळ लागतो."

"मामा, मला रविवारी मंत्र्यांना स्टेजवर उभं करायचंय. तुमच्या वाळूचं कौतुक सांगू का त्यांना?"

मामांनी वर जंगलाच्या दांड्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरं. पर तासभर टेज मोकळं द्या. खाली कुनी नगं."

"देतो," मी म्हणालो. "सांगतो" आणि "देतो". त्या आठवड्यात मी हे दोन शब्द फार स्वस्तात वाटले.

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास मी आत गेलो. रेवती स्टेजच्या पुढच्या अंगाला, तिच्या फुल्यांपाशी, हातात मोजमापाचं यंत्र घेऊन उभी होती. वर माळ्यावर मामा आणि ते दोन मजूर.

"मॅडम, किती वेळ लागेल?"

"वीस मिनिटं, सर. फक्त शांतता हवी. एकदा टेम्पो आला की ठोकाठोकी सुरू होणार, मग हे राहूनच जाईल."

वीस मिनिटं थांबलो असतो तर? आभाळ कोसळणार नव्हतं. पण मघाच मुख्याधिकाऱ्यांचा फोन येऊन गेला होता. मी अंदाज घेतला. ती पुढं आहे, जंगल पार मागं आहे. मध्ये चांगलं पंधरा फुटांचं अंतर. मी तोंडाशी हात धरून वर म्हणालो, "मामा, चालू द्या."

"साहेब, बाई खाली हायत्या."

"त्या पुढं आहेत. चालू द्या."

"आदी त्यास्नी..."

"अहो, चालू द्या म्हटलं ना!"

 मग कटर घासल्याचा आवाज येऊ लागला. रेवतीनं वर पाहून ओठांवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघून हसली. मी खांदे उडवले. मी तिसऱ्या रांगेत होतो, नव्या खुर्च्यांचे बोल्ट मोजत.

फट्‌ करून काहीतरी तुटलं. जंगलाचं डावं टोक एकदम चारपाच फूट खाली आलं आणि लोंबकळत राहिलं. आणि वरून मामांची आरोळी आली.

"आला!"

शेहेचाळीस वर्षांचा तालमीतला आवाज होता तो. आणि ते छतही तसलंच. प्रत्येक अक्षर शेवटच्या रांगेपर्यंत गेलं.

रेवतीचं तोंड उजळलं. "आला एकदाचा!" ती म्हणाली, यंत्र खाली ठेवलं आणि माल उतरवायच्या दरवाज्याकडे पळाली. मागं. सरळ जंगलाखाली.

मी काय केलं ते सांगतो. मीसुद्धा दरवाज्याकडेच पाहिलं. ज्याला त्या शब्दाचा अर्थ नळाशी उभं करून समजावला होता, त्या मलाही पहिल्यांदा टेम्पोच दिसला. आनंदच झाला.

"आला! आला!" मामा परत ओरडले. या वेळी आवाज चिरकला होता आणि मला कळलं. मध्ये किती वेळ गेला? दोन सेकंद असतील, तीन असतील. उजवा दोर अजून तग धरून होता. मी तोंड उघडलं. जिभेवर जो शब्द आला तो 'पडतोय' होता, आणि सहा महिन्यांच्या सवयीनं मी तो गिळला. मागं, बाजूला, रेवती, कुठलाही दुसरा शब्द चालला असता. मराठीत काय शब्दांचा दुष्काळ आहे? मला एकही सापडला नाही.

मग उजवा दोर गेला.

त्यानंतरचं मी सांगणार नाही. दांडा सागवानी होता, एवढं पुरे. मामा शिडी पूर्ण उतरले नाहीत, अर्ध्यावरून त्यांनी उडीच टाकली आणि त्यांचा पाय मुरगळला, तसेच ते तिच्यापर्यंत सरपटत गेले. पडद्याचं कापड तिच्या अंगावर होतं, झाडं आणि वेली रंगवलेलं. ते दूर करताना मामा "बाई, बाई" एवढंच म्हणत होते.

टेम्पो दुपारी तीन वाजता आला.

ती संध्याकाळी साडेसहाला गेली. रात्री तिचे वडील पुण्याहून आले. निवृत्त शिक्षक, अंगात इस्त्रीचा शर्ट, घाईत बटणं वरखाली लावलेली. हॉस्पिटलच्या बाकावर ते माझ्याशेजारी बसले आणि म्हणाले, "शुद्धीवर असताना शेवटचं काय बोलली?"

"आला एकदाचा, म्हणाली."

"कोण आला?"

"टेम्पो," मी म्हणालो. "आम्ही टेम्पोची वाट बघत होतो."

त्यांनी मान हलवली. त्यांचं समाधान झालं असावं असं वाटून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढं काय काय झालं ते इथंच सांगून टाकतो, म्हणजे मागं ते उरणार नाही. उद्घाटन दोन महिन्यांनी झालं. छत वाचलं होतं, आवाज उत्तम येत होता, मंत्र्यांनी भाषणात गावाच्या रसिकतेचं कौतुक केलं. संगमरवरी पाटीवर सतरा नावं आहेत, त्यात रेवती आगाशे हे नाव नाही. मामांना नाट्यगृहात यायला बंदी झाली आणि त्यांच्यावर व कटर चालवणाऱ्या मजुरावर निष्काळजीपणाचा खटला भरला गेला. तो चार वर्षं चालला. मामा दुसऱ्याच वर्षी गेले. मी उपअभियंता होऊन निवृत्त झालो. माझी खुर्ची हलली नाही.

आता चौकशीचं.

बाराव्या दिवशी चौकशी अधिकारी आले. खटावकर साहेब. माणूस वाईट नव्हता, पण सरळ उत्तराची सवय असलेला. जागेवरच जबाब घ्यायचे म्हणून त्यांनी स्टेजवर टेबल मांडायला लावलं. बाजूला लेखनिक. समोर आम्ही चौघंजण, मी, कंत्राटदार, मामा आणि ज्याच्या हातात कटर होतं तो मजूर. दुसरा मजूर त्याच रात्री गावी पळाला होता. मागं भिंतीला तो दांडा टेकून ठेवला होता, त्याला पुराव्याची चिठ्ठी बांधलेली.

मजुराला मराठी येत नव्हती. तो म्हणाला, बुढ्ढा चिल्लाया, क्या चिल्लाया मालूम नहीं. कंत्राटदार म्हणाला, मी जागेवर नव्हतो. मग मामा उभे राहिले. पायाला पट्टी होती, तरी खुर्चीवर बसले नाहीत.

"काय झालं ते सांगा," खटावकर साहेब म्हणाले.

"दोर तुटला नि दांडा आला."

"आला? कुठून आला?"

"वरनं."

"चालत आला का?" कंत्राटदार हसला. साहेबांनी त्याच्याकडे रागानं पाहिलं आणि पुन्हा मामांकडे वळले. "नीट सांगा. दांड्याचं काय झालं?"

"आला, साहेब."

"बरं. तुम्ही खालच्या माणसांना सावध केलंत?"

"केलं की. वरडलो. दोनदा... तीनदा वरडलो."

"काय ओरडलात?"

"'आला'."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "गुरव, एक मुलगी गेली आहे. वरून लाकूड पडतंय आणि तुम्ही 'आला' म्हणून ओरडता? कोण आला? 'पडला, पडला, सरका' असं का नाही ओरडलात?"

तो शब्द त्या छपराखाली दणदणीत उमटला. मामांनी डोळे मिटून घेतले.

"साहेब, वाईच भायेर येता का? नळापाशी. तितं सांगतो."

"बाहेर काय सांगायचंय? जे असेल ते इथं सांगा, रेकॉर्डवर."

"हितं न्हाई सांगता येत."

"का?"

"हितं... आमी तसं म्हनत न्हाई. पैल्यापास्नं 'आला'च म्हंत्यात."

"कोण म्हणतं? दुसरं कुणी आहे का हे सांगणारं?"

 मामांच्या जोडीदारांतला एक मेलेला, एक गुजरातेत. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला अजून ती नजर आठवते. त्यात विनवणी नव्हती, भीतीही नव्हती. उलट सुटल्यासारखी नजर होती. आपलं वाक्य संपलं, पुढचं समोरच्याला पाठ आहे, असं नट दुसऱ्या नटाकडे बघतो तसे ते बघत होते.

"मांगलेसाहेबांस्नी इचारा," ते म्हणाले. "त्यास्नी समदं सांगितलंय मी."

खटावकर साहेब माझ्याकडे वळले. "मांगले, तुम्ही सहा महिने इथं आहात. या 'आला'चा काही वेगळा अर्थ आहे? तुम्हाला हे माहीत होतं?"

होय म्हणायचं होतं मला. आजही कुणी छातीवर हात ठेवायला सांगितलं तर हेच सांगीन. पण 'होय'च्या पाठोपाठ काय येणार ते दिसत होतं. मग त्या मुलीला का सांगितलं नाही? सांगायचं कुणाकडे होतं? ती खाली असताना काम सुरू करा असं कोण म्हणालं? दोर कापा असं कोण म्हणालं? एका होकाराला किती दोर बांधलेले होते! आणि घरी चार दिवसांची मुलगी होती.

"नाही साहेब," मी म्हणालो. "मला ठाऊक नाही."

लेखनिकाचं पेन कागदावर चालल्याचा आवाज ऐकू आला. ते छत फार चांगलं आहे, त्यात काही लपत नाही.

मामा माझ्याकडे बघत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या, माझ्या पोराबाळांना तळतळाट दिला असता, तरी मी तो सोसला असता. पण त्यांनी नुसतं पाहिलं, बराच वेळ, माळ्यावरून एखाद्या दोराचा अंदाज घेताना पाहायचे तसं. मग अगदी सावकाश, एकेक अक्षर सुटं करून, शेहेचाळीस वर्षांत त्या जागी कधी न काढलेला शब्द त्यांनी काढला.

"पडला."

"हां! आता कसं बोललात," खटावकर साहेब म्हणाले आणि लेखनिकाला सांगितलं, "लिहा. दांडा पडला."

लेखनिकानं लिहिलं. मामांनी मागं भिंतीशी उभ्या केलेल्या दांड्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं, त्यांची नजर माझ्यावरच होती. मग ते वळले, वाकून स्टेजला हात लावला, तो कपाळाला लावला आणि लंगडत मागच्या दारानं बाहेर गेले. साहेबांनी पुढचा कागद उलटला.

बाहेर नळ सुटल्याचा आवाज आला. मामा चूळ भरत होते.